बायको भांडेनाशी झाली

काटासाहेबांच्या घरात गेले कित्येक महिने शांतता नांदत होती, आणि तिचं सगळं श्रेय काटासाहेब स्वतःकडे घेत होते.

काटासाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे. खोटा निघाला तर जप्त करायचे, खरा निघाला तर शिक्का मारायचे आणि दोन्ही वेळा चेहरा तोच ठेवायचे. बाजाराने त्यांना हे नाव दिलं आणि त्यांनी ते बढतीसारखं स्वीकारलं. आकड्यावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा माणसावर नव्हता. माणूस शपथ घेऊन खोटं बोलतो, काटा खोटं बोलला तर निदान त्याची दुरुस्ती करता येते, असं ते म्हणत.

त्यांची बायको जन्मापासून बहिरी होती, आणि भांडणात तिचा हात धरणारं आसपासच्या गल्ल्यांत कोणी नव्हतं. चित्रांना आणि फोटोंना फ्रेम करून देण्याचं तिचं दुकान होतं. तरुणपणी काटासाहेब तिथली मोजपट्टी तपासायला गेले. पट्टी बरोबर निघाली. संशय घेतलाच कसा, म्हणून तिने त्यांना दोन्ही हातांनी असं काही फैलावर घेतलं की साहेबांना एक अक्षर कळलं नाही, पण मुद्दा पुरता कळला. तिला उत्तर देता यावं म्हणून ते खुणांची भाषा शिकले. शिकून होईपर्यंत उत्तर राहून गेलं आणि लग्न झालं.

त्या भाषेत अहोजाहो नसतं. त्यामुळे बायको त्यांना पहिल्या दिवसापासून अरेतुरे करत आली होती. जिभेला हाड नसतं म्हणतात. तिच्या हातांना हाडं होती, पण ती कधी आडवी आली नव्हती. ओला टॉवेल खुर्चीवर दिसला की टॉवेलापासून सुरू होऊन भांडण सासरच्या मागच्या तीन पिढ्यांपर्यंत जायचं, आणि वाटेत एकही मुद्दा सुटायचा नाही. साहेब हरायला लागले की खोलीतला दिवा घालवायचे. अंधारात तिचं बोलणं दिसणारच नाही, हा त्यांचा डाव. तिचा डाव त्याहून सोपा होता. ती डोळे मिटून घ्यायची. मग साहेब कितीही हातवारे करोत, ते भिंतीला.

असा हा सुखाचा संसार. त्यात दोन वर्षांपूर्वी तिच्या बोटांचे सांधे सुजायला लागले. सकाळी उठलं की मुठी वळेनात, मनगटं लाकडासारखी. तपासण्या झाल्या आणि संधिवात निघाला. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो नव्हे, दुसरा. शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून बडवायला लागतात तो. कुंपणानेच शेत खाल्लं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, आणि हे आयुष्यभर सांभाळावं लागेल असंही सांगितलं.

काटासाहेब हबकले. दोन दिवस जेवले नाहीत. पण मग त्यांच्या हाती रक्ताचा रिपोर्ट आला आणि त्यात आकडे होते. ईएसआर म्हणजे रक्त नळीत उभं करून तांबड्या पेशींचा गाळ तासाभरात किती खाली बसतो ते मोजायचं. शरीरात सूज असली की गाळ भराभर बसतो. ही रीत साहेबांना इतकी पटली की ती आपल्या खात्यातच कोणीतरी शोधली असावी असं त्यांना वाटलं. दुसरा आकडा सीआरपी. आग लागली की यकृत एक प्रथिन सोडतं, त्याचं माप. दोन्हींच्या समोर कंसात हद्द छापलेली होती, इथपासून इथपर्यंत ठीक. पहिल्या रिपोर्टात दोन्ही आकडे हद्दीच्या बाहेर नाचत होते. गोळ्या सुरू झाल्या आणि काही महिन्यांत आकडे निमूटपणे आत येऊन बसले. साहेबांनी जिन्यात भेटेल त्याला ईएसआर समजावून सांगितला. शेजारी त्यांची चाहूल घेऊन मगच दार उघडू लागले.

शांतता सुरू झाली ती साधारण याच सुमारास.

आधी भांडणं सकाळची संध्याकाळवर गेली. सकाळी टॉवेल दिसला तरी बायको काही बोलायची नाही. दिवेलागणीला मात्र तोच टॉवेल बाहेर काढायची. साहेबांना वाटलं, वयाबरोबर विचार करून बोलायला शिकली. मग संध्याकाळची भांडणंही आखूड झाली. तीन पिढ्यांवरून ती एका पिढीवर आली, मग नुसत्या टॉवेलावर, आणि शेवटी टॉवेलही सुटला. काही विचारलं की अंगठा वर. ठीक. ठीक आहे. चालेल. त्यांना हाक मारायची तिची खास खूण होती, दोन्ही हात तराजूसारखे वरखाली करून एक डोळा मिटायचा. तीही तिने सोडली आणि नुसतं हनुवटीने दाखवायला लागली. लाजत असेल, असं साहेबांना वाटलं. या वयात लाजते म्हणून ते मनातून थोडे सुखावलेही.

"सुंठीवाचून खोकला गेला," ते कचेरीत म्हणाले. "गोळ्यांनी सांधे बसले आणि डोकंही बसलं. रिपोर्ट नॉर्मल, बायको नॉर्मल."

माणसाला सुख मिळालं की तो त्याची ताकद अजमावून बघतो. साहेबांनी तपकिरी पडदे आणले. तपकिरी रंगाचा बायकोला लहानपणापासून तिटकारा. अंगठा वर. थोरल्या भावाला महिनाभर राहायला बोलावलं. हा भाऊ प्रत्येक पदार्थात मीठ कमी आहे असं सांगून तीनदा वाढून घेणारा. अंगठा वर. मग त्यांनी एक भलीमोठी आरामखुर्ची घेतली, आणि ती कुठे ठेवावी याचा विचार करताना त्यांची नजर खिडकीकडे गेली. खिडकीपाशी बायकोचं कापायचं टेबल होतं. दुकानातलं बारीक काम ती घरी आणायची. तिथल्या उजेडात फ्रेमच्या पट्ट्यांचे कोपरे कापायची, जाड पुठ्ठ्यातून चित्रापुरती चौकट काढायची. त्या टेबलाला हात लावायची प्राज्ञा आजवर कोणाची झाली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी मागच्या खेपेला सांगितलं होतं, "पुढचाही रिपोर्ट असाच आला तर औषध निम्मं करू." तो रिपोर्ट परवाच आला होता. ईएसआर हद्दीत, सीआरपी तर इतका खाली की साहेबांनी त्यावरून प्रेमाने बोट फिरवलं. त्या आनंदाच्या भरात त्यांनी टेबल सरकवून आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेलं आणि खिडकीत खुर्ची मांडली.

नेमकी त्याच दिवशी थोरली मेहुणी आली. मेहुणीही बहिरी, धाकटीपेक्षा दोन इंच उंच आणि भांडणात तिची गुरू. दारातून आत आली, खिडकीतली खुर्ची पाहिली, कोपऱ्यातलं टेबल पाहिलं आणि बहिणीकडे वळली. बहीण काय करते ते बघायला ती भिंतीला टेकून उभी राहिली, तमाशाला पुढची जागा मिळाल्यासारखी.

बहिणीने टेबल पाहिलं. साहेबांकडे पाहिलं. अंगठा वर केला आणि आत निघून गेली.

मेहुणीचा चेहरा उतरला. ती तडक साहेबांसमोर येऊन उभी राहिली. "काय झालंय तिला?"

"काही नाही, ताई. उलट बरी आहे," साहेब हातांनी म्हणाले, आणि कपाटातून रिपोर्ट काढून आणला. "हे बघ. सूज नाही. सगळं हद्दीत. आता औषध निम्मं करणार आहेत."

मेहुणीने रिपोर्ट हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि परत दिला. "तिचं टेबल तू हलवलंस, आणि ती ठीक म्हणाली. ही बरी असल्याची खूण?"

"शांत झालीये ती."

"दुकानात मोठ्या फ्रेमी घेत नाही आता. गिऱ्हाइकं दुसरीकडे पाठवते. माहीत आहे?"

साहेबांना माहीत नव्हतं.

"मला व्हिडिओवर रोज भेटते. दोन शब्द बोलते, फोन ठेवते. मला वाटलं, तुमचं दोघांचं बिनसलंय. म्हणून आले." मेहुणीने साहेबांच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "दुखतं म्हणून दाखव."

"काय?"

"दाखव. खूण कर."

साहेबांनी केली. त्या भाषेत दुखतं म्हणायचं तर दोन्ही हात समोरासमोर आणायचे, बोटं आकड्यासारखी वळवायची आणि मनगटातून पिळायची, एक इकडे, एक तिकडे. जिथे जास्त दुखतं तिथे जास्त पिळायची.

"आता ठीक म्हण."

साहेबांनी अंगठा वर केला. आणि तो तसाच धरून ते त्याच्याकडे बघत राहिले. दुखतं म्हणायला दहा बोटं आणि दोन मनगटं लागतात, ठीक म्हणायला एक अंगठा पुरतो. टॉवेलाला किती बोटं लागतात, तीन पिढ्यांना किती, आणि त्यांच्या स्वतःच्या नावाला किती, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात आपोआप सुरू झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मापातली खोट पकडणाऱ्या या माणसाने वळून आरामखुर्ची खिडकीपासून बाजूला ओढली.

त्यांनी टेबल परत खिडकीत नेलं. मग आत जाऊन बायकोसमोर बसले. "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. हात सावकाश, शब्द मोजके. "तू कागद दाखवलास."

"पुन्हा सांगायचं."

बायकोने डोळे मिटून घेतले. तिच्या नाकावर माशी बसलेली तिला खपत नसे. एकदा सांगून ज्याला कळलं नाही त्याला ती दुसऱ्यांदा सांगणारी नव्हती, मग बोटं गळून पडली तरी चालेल. तिने डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याची वेळ होती. मेहुणी सकाळीच परतली होती, जाताना साहेबांच्या छातीवर एक बोट रोवून. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत नेहमीसारखी गर्दी उरकण्याची घाई होती. काटासाहेब नेहमीसारखे दुभाष्याच्या खुर्चीवर, बायको आणि टेबलाच्या मधोमध. गेली दोन वर्षं तिचं बोलणं इकडे पोचवण्याचं काम तेच करत होते, आणि आपण एक शब्द इकडचा तिकडे करत नाही याचा त्यांना अभिमान होता.

"वा, झकास," डॉक्टरीणबाई रिपोर्ट वाचत म्हणाल्या. "दोन्ही आकडे छान आहेत. कसं वाटतंय त्यांना?"

साहेबांनी विचारलं. बायकोने अंगठा वर केला.

"ठीक म्हणते," साहेब म्हणाले.

"उत्तम. मग निम्मं करू." डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं.

दुभाष्याने पदरचं काही घालू नये हा नियम, आणि नियम मोडणाऱ्यांना दंड करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. ते घसा खाकरून म्हणाले, "बाई, एक तक्रार आहे."

"त्यांची?"

"माझी. ती माझ्याशी भांडत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. हसावं की नाही, असा त्यांचा चेहरा झाला. "लोक माझ्याकडे उलटी तक्रार घेऊन येतात हो."

"मी तपकिरी पडदे लावले, तरी भांडली नाही. थोरला भाऊ महिनाभर राहून गेला, तरी नाही. काल तिचं टेबल हलवलं. आधीची असती तर मी आज तुमच्याकडे नव्हे, हाडांच्या विभागात गेलो असतो." साहेब खुर्चीत पुढे सरकले. "आम्ही तराजू तपासतो ना, तेव्हा वजन नुसतं मध्ये ठेवून शिक्का मारत नाही. चारही कोपऱ्यांवर ठेवून बघतो. मध्ये बरोबर दाखवणारा काटा कोपऱ्यात खोटं बोलतो. हे मला माहीत होतं. आणि घरी मी नुसता आकडा बघत बसलो."

बोलता बोलता सवयीने त्यांचे हातही चालू होते. बायकोला सगळं कळत होतं. परक्या बाईसमोर आपल्याला भांडकुदळ ठरवलं, पडदे, भाऊ, टेबल, घरातली सगळी धुणी चव्हाट्यावर आणली. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ती उभी राहिली आणि कित्येक महिन्यांनी तिने दोन्ही हात वर केले.

"काय म्हणतायत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"म्हणते, मी गाढव आहे," साहेब इमानाने म्हणाले. "म्हणते, आकडे मोजणारं गाढव. पडद्यांचा रंग... तो कशासारखा आहे ते इथे सांगण्यासारखं नाही. भाऊ माझा नाही, मिठाचा आहे. टेबल. टेबलाबद्दल म्हणते, की..."

ते अडखळले. तिचे हात मध्येच तुटत होते. एका बोटाने वळायचं होतं, ते सरळच राहिलं. मनगट अर्ध्यावर थांबलं. तिने खांद्यातून झटका देऊन शब्द पुरा केला, पुढच्या शब्दाला हात उचलला आणि तोही अर्धाच उमटला. तिचा चेहरा रागाने लाल होता आणि ओठ दुखण्याने दाबलेले होते. ती थांबत मात्र नव्हती.

"पुरे, बाईंना कळलं," साहेब हातांनी म्हणाले. त्यांना ते बघवेना.

"थांबवू नका त्यांना," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रिपोर्ट त्यांनी बाजूला सरकवला होता. त्या उठून टेबलाच्या या बाजूला आल्या आणि भाषेतलं ओ की ठो कळत नसताना त्या हातांकडे नीट बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी हळूच तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि एकेक सांधा दोन बोटांत धरून दाबून पाहिला. पहिल्या सांध्याला बायको नुसती ताठ झाली. मनगटाला तिने दुसऱ्या हाताने साहेबांची बाही पकडली.

"इथे सूज आहे. इथेही. हे मनगट चांगलंच धरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली घाई गेली होती. "काही जणांत असं होतं. सांधे आतून पेटलेले असतात आणि रक्तात काही उमटत नाही. आकड्यांवर विसंबून मी यांचे हात मागच्या दोन खेपांना धरलेच नाहीत. हातच्या कांकणाला आरसा घेऊन बसले." त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाल्या, "त्यांना विचारा. आता खरं सांगायला सांगा."

साहेबांनी विचारलं. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हात समोरासमोर आणले, बोटं वळतील तेवढी वळवली आणि मनगटातून पिळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पुन्हा पिळली, आणखी जोराने.

दुभाष्याने लगेच बोलायचं असतं. काटासाहेबांना ते एका शब्दाचं वाक्य सांगायला फार वेळ लागला.

"दुखतं म्हणते," ते म्हणाले. "खूप दुखतं."

औषध निम्मं झालं नाही, बदललं. नवं औषध इंजेक्शनचं होतं आणि त्याला गुण यायला वेळ लागतो असं सांगितलेलं होतं, तसा तो लागला. मध्ये दोनदा तापही येऊन गेला. साहेब रोज सकाळी बाटल्यांची झाकणं उघडून ठेवत, टॉवेल दोरीवर वाळत घालत आणि बायकोच्या हातांकडे चोरून बघत. तिला ते चोरून बघणं आवडत नसे, आणि हळूहळू तसं सांगण्याइतके तिचे हात सुटायला लागले. पडदे दोघांनी मिळून काढले. खुर्ची थोरल्या भावाकडे गेली, मिठासकट.

पुढच्या खेपेला दवाखान्यात परिचारिकेने नवा रिपोर्ट आणून साहेबांच्या मांडीवर ठेवला. आकडे मागच्या वेळी होते तेच होते, तसेच हद्दीत, पण साहेबांनी ते पाहिलेच नाहीत. डॉक्टरीणबाईंनी "कसं आहे?" एवढंच विचारलं होतं, आणि बायकोने सांगायला सुरुवात केली होती. सकाळपासून सुरुवात केली. कोणतं बोट कधी सुटतं, कोणतं अजून रुसून आहे, मोठी फ्रेम परवा कशी कापली, आणि ती कापताना नवरा शेजारी उभा राहून कसा उसासे सोडत होता. हे सगळं दोन्ही हातांनी, भरभर. बाहेरच्या पेशंटांची कुजबुज आत ऐकू येऊ लागली.

"थोडक्यात सांगायचं तर?" डॉक्टरीणबाईंनी साहेबांना विचारलं.

"थोडक्यात नाही सांगता येणार, बाई," साहेब म्हणाले. ते बायकोच्या हातांवरून नजर काढायला तयार नव्हते. नजर काढली तर शब्द निसटतात. रिपोर्ट त्यांच्या मांडीवरून घसरून खाली पडला. बायकोने तो पडताना पाहिला, आणि कागद नीट धरता येत नाही का, इथून नवा मुद्दा काढला. साहेबांनी तोही शब्दन् शब्द डॉक्टरीणबाईंना सांगितला.